दम आणि ताकद : दोन्ही हवेत, पण बेताने



आरोग्याच्या या पानाकडे येणाऱ्या प्रश्नांत एक प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी पुन्हा पुन्हा येतो. पोलीस भरतीची तयारी करणारा मुलगा विचारतो, "जिममध्ये वजने उचलली की पाय जड होतात, धावणे मंदावते असे सगळे म्हणतात. जिम सोडून नुसते धावू का?" वस्तीतल्या व्यायामशाळेत रोज जाणारा दुसरा विचारतो, "ट्रेडमिलवर पळाले की कमावलेले अंग उतरते ना?" आणि चाळिशी ओलांडलेल्या एखाद्या ताई विचारतात, "साखर निघाली म्हणून डॉक्टरांनी चालायला सांगितले, ते मी चालते. या वयात वजने उचलून मला काय पैलवान व्हायचे आहे?"

तिघांचा प्रश्न एकच आहे. दमाचा व्यायाम आणि ताकदीचा व्यायाम एकत्र करता येतात का? आमचे उत्तर आहे, येतात. नुसते येतात असे नाही, तर दोन्ही केल्याशिवाय व्यायाम पुरा होत नाही. मात्र दोन्हींची सांगड बेताने घालावी लागते. ती कशी घालायची, का घालायची, आणि आपल्या समाजाने त्यात कोणती एक गोष्ट विसरता कामा नये, हे या लेखात पाहू.

दोन व्यायाम, दोन कामे

चालणे, धावणे, सायकल, पोहणे, दोरीवरच्या उड्या, जिने चढणे हे सगळे दमाचे व्यायाम. जिममध्ये त्यालाच कार्डिओ म्हणतात. यात हृदय आणि फुप्फुसे सलग काही मिनिटे वाढीव काम करतात. काही आठवड्यांत हृदय एका ठोक्यात जास्त रक्त पुढे ढकलू लागते, स्नायूंमध्ये बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे वाढते, रक्तदाब उतरायला मदत होते. पूर्वी दुसऱ्या मजल्यावर धाप लागत असे, ती चौथ्यावर लागते.

डंबेल, बारबेल, मशिनवरची वजने, जोर, बैठका, पुलअप हे ताकदीचे व्यायाम. यात स्नायूला त्याच्या सवयीपेक्षा जास्त भार दिला जातो. स्नायू त्या भाराला पुरे पडावे म्हणून स्वतःला मजबूत करतो. त्याला चिकटलेली हाडेही भक्कम होतात. तिशी-चाळिशीनंतर काही केले नाही तर स्नायू दरवर्षी थोडे थोडे कमी होत जातात. साठीनंतर जमिनीवरून उठताना हात टेकावा लागतो, घरात पाय घसरून पडले की खुब्याचे हाड मोडते, त्याची सुरुवात तिथे झालेली असते. नुसत्या चालण्याने ही झीज पुरेशी थांबत नाही.

साखरेच्या दृष्टीने स्नायूचे महत्त्व आणखी मोठे आहे. जेवणानंतर रक्तात आलेली बरीचशी साखर इन्सुलिनच्या मदतीने स्नायूंमध्ये जाऊन साठते. स्नायू म्हणजे साखरेची कोठी. कोठी लहान असेल तर साखर रक्तात फिरत राहते. शिवाय काम करणारा स्नायू इन्सुलिनच्या मदतीशिवायही साखर आत ओढून घेतो. म्हणून मधुमेह्याला स्नायू वाढवणे ही हौस नाही, तो उपचाराचा भाग आहे.

आपल्या भारतीयांच्या शरीराची ठेवण अशी की वजनाच्या मानाने स्नायू कमी आणि पोटावरची चरबी जास्त. म्हणून आपल्याकडे बॉडी मास इंडेक्स २३ च्या वर गेला की वजन जास्त मानतात, आणि कमरेचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटर व स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या वर गेला की धोक्याची खूण समजतात. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३.६ कोटी त्याच्या उंबरठ्यावर आहेत. यात आपली वस्ती वेगळी नाही. रात्रपाळी, उभ्या-बसल्याची नोकरी, वडापावावर निभावलेली दुपार, यांनी तो उंबरठा लवकर ओलांडला जातो.

मधुमेहाचे नाव घेतले की आपल्या सर्वांना एकच आठवण होते. बाबासाहेबांना मधुमेह होता, पायांच्या दुखण्याने शेवटची वर्षे ते हैराण होते. १४ ऑक्टोबर १९५६ ला त्यांनी आपल्याला धम्म दिला आणि दोन महिनेही पुरे व्हायच्या आत, वयाच्या ६५ व्या वर्षी ते गेले. त्या काळी औषधे थोडी होती आणि त्यांनी विश्रांती कधी घेतलीच नाही. त्यांनी देह झिजवला तो आपल्यासाठी. आपण मात्र आपला देह निष्काळजीपणाने झिजवावा, याला काही कारण नाही.

दोन्ही एकत्र केल्याचा फायदा दिसला आहे का?

दिसला आहे. अमेरिकेतील लुइझियाना राज्यात टाइप-२ मधुमेह असलेल्या २६२ स्त्री-पुरुषांवर नऊ महिने एक अभ्यास झाला आणि २०१० साली तो प्रसिद्ध झाला. त्यात स्त्रिया निम्म्याहून जास्त होत्या आणि जवळपास निम्मे लोक गोरेतर होते. एका गटाने फक्त दमाचा व्यायाम केला, दुसऱ्याने फक्त ताकदीचा, तिसऱ्याने दोन्ही थोडे थोडे, आणि चौथ्याने नेमून दिलेला व्यायाम केला नाही. महत्त्वाची गोष्ट अशी की व्यायाम करणाऱ्या तिन्ही गटांचा आठवड्याचा एकूण वेळ जवळपास सारखा ठेवला होता. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी जी चाचणी असते, एचबीए१सी, तिच्यात चौथ्या गटाच्या तुलनेत ठोस सुधारणा दिसली ती फक्त तिसऱ्या गटात. म्हणजे जास्त वेळ न देता, आहे तोच वेळ वाटून दिल्याने काम झाले. या तिसऱ्या गटाने आठवड्यातून फक्त दोनदा वजने उचलली होती, तीही नऊ व्यायामांचा एकेकच सेट.

जागतिक आरोग्य संघटनेचा २०२० चा सल्लाही असाच आहे. प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम गतीचा, किंवा ७५ ते १५० मिनिटे जोराचा दमाचा व्यायाम करावा, आणि त्याशिवाय आठवड्यातून किमान दोन दिवस शरीरातल्या सर्व मोठ्या स्नायूंचा ताकदीचा व्यायाम करावा. यातला दुसरा भाग आपल्यापर्यंत पोहोचतच नाही. डॉक्टर "चाला" म्हणतात, आपण "चाला" एवढेच ऐकतो.

मग "पळाले की अंग उतरते" हे कुठून आले?

ही निव्वळ अफवा नाही. रॉबर्ट हिक्सन नावाचे संशोधक होते. त्यांचा १९८० साली प्रसिद्ध झालेला प्रयोग या वादाचे मूळ आहे. त्यांनी तीन गट केले. पहिल्याने आठवड्यातून पाच दिवस जड वजनांचा व्यायाम केला, दुसऱ्याने सहा दिवस जोराचे धावणे आणि सायकल, तिसऱ्याने हे दोन्ही पूर्णच्या पूर्ण केले. दहा आठवड्यांच्या या प्रयोगात तिसऱ्या गटाची ताकद सुरुवातीला चांगली वाढली, सातव्या-आठव्या आठवड्याच्या सुमारास अडकली आणि शेवटी थोडी घसरली. एका व्यायामाचा दुसऱ्याला अडथळा होतो, ही कल्पना तिथून पसरली.

पण दोन गोष्टी नीट पाहा. एक, या लोकांवर आठवड्याला अकरा सत्रांचा भार होता. वस्तीतला कोण एवढा व्यायाम करतो? दुसरी गोष्ट भरतीच्या मुलांनी ध्यानात ठेवावी. तिसऱ्या गटाची ताकद अडली, पण त्यांचा दम मात्र नुसत्या दमाचा व्यायाम करणाऱ्यांइतकाच वाढला. वजनांनी धावणे बिघडले नाही. उलट, बेताने केलेल्या ताकदीच्या व्यायामाने धावपटूला तेच अंतर कमी शक्तीत कापता येते, असे नंतरच्या अभ्यासांत दिसले आहे.

अडथळा का होतो, तेही समजण्यासारखे आहे. स्नायूच्या पेशीला वजनांकडून निरोप जातो, "वाढ." लांबच्या, थकवणाऱ्या धावण्याकडून निरोप जातो, "इंधन संपत आले, काटकसर कर." दोन्ही निरोप एकाच वेळी, मोठ्या आवाजात, भुकेल्या आणि झोप न झालेल्या शरीराला गेले की वाढीचे काम मागे पडते. शिवाय थकलेल्या पायांनी उचललेले वजन कमीच असते. निरोपांमध्ये अंतर ठेवले, पोटात अन्न गेले, झोप झाली, की दोन्ही कामे होतात. अलीकडच्या अभ्यासांचे एकत्रित निष्कर्ष पाहिले तर साधारण माणसाच्या स्नायूवाढीला कार्डिओमुळे म्हणण्यासारखी बाधा येत नाही. स्फोटक जोर, म्हणजे उडी किंवा फेक, याला मात्र एकाच सत्रात सगळे कोंबल्याने थोडा फटका बसतो.

भगवान बुद्धांच्या संघातील सोण भिक्षूची गोष्ट आपण प्रवचनांत ऐकली आहे. चंक्रमण करता करता, म्हणजे ध्यानपूर्वक येरझारा घालता घालता, त्याच्या पायांतून रक्त आले, तरी मनाला शांती मिळेना. तो पूर्वी वीणा वाजवत असे. तथागतांनी त्याला विचारले, वीणेच्या तारा फार ताणल्या तर ती वाजते का? फार सैल सोडल्या तर वाजते का? ही शिकवण साधनेबद्दल आहे, पण व्यायामशाळेच्या दारावर लिहून ठेवावी अशी आहे.

सांगड घालण्याचे साधे नियम

पहिला नियम, जे महत्त्वाचे ते आधी. एकाच दिवशी दोन्ही करायचे तर ज्यात प्रगती हवी तो व्यायाम ताज्या अंगाने करावा. ताकद हवी तर पाच-दहा मिनिटे अंग गरम करून आधी वजने, मग कार्डिओ. धावण्याची परीक्षा असेल तर आधी धावणे. काहीच खास ठरलेले नसेल तर आधी वजने घ्यावीत. थकल्यावर चालता येते, पण थकल्यावर जड वजन उचलताना चूक होते आणि कंबर धरते.

दुसरा नियम, जमेल तर अंतर ठेवा. वेगळे दिवस सर्वांत चांगले. एकाच दिवशी असेल तर सकाळ-संध्याकाळ, मध्ये सहा तास. तेही जमत नसेल तर एकामागोमाग करा, पण न करण्यापेक्षा ते कितीतरी बरे.

तिसरा नियम, पायांचा जड दिवस आणि जोराच्या धावण्याचा दिवस लागोपाठ ठेवू नका. मध्ये एक हलका दिवस हवा. गुडघे कुरकुरत असतील तर धावण्याऐवजी सायकल घ्या. तिचा सांध्यांवर मार कमी, आणि ताकदीला अडथळाही धावण्यापेक्षा कमी.

चौथा नियम गतीचा. मध्यम गती म्हणजे चालताना शेजाऱ्याशी बोलता आले पाहिजे, पण भीमगीत गाता येता कामा नये. गाता येत असेल तर वेग वाढवा. बोलताही येत नसेल तर तो जोराचा व्यायाम झाला. तो आठवड्यातून एक-दोनदाच पुरे.

पाचवा नियम वजनाचा. नवख्याने असे वजन घ्यावे की १० ते १५ वेळा उचलता येईल आणि शेवटच्या दोन वेळा कष्ट पडतील, पण ढब बिघडणार नाही. आणखी दोनदा उचलता आले असते असे वाटतानाच थांबावे. सुरुवातीला प्रत्येक व्यायामाचे एक-दोन सेट, महिन्याभराने तीन. १५ चा आकडा दोन सत्रांत सहज गाठला की पुढच्या वेळी थोडेच वजन वाढवा. उचलताना श्वास सोडा, खाली आणताना घ्या. श्वास कोंडून कुंथल्याने रक्तदाब एकदम चढतो.

कोणी कसा आठवडा लावावा?

चाळिशीच्या पुढचे, साखर किंवा रक्तदाब असलेले उपासक-उपासिका : मंगळवार आणि शुक्रवार ताकदीचे. अर्धा तास वजने आणि त्यानंतर २० मिनिटे भरभर चालणे. सोमवार, बुधवार, गुरुवार, शनिवार प्रत्येकी ३० मिनिटे भरभर चालणे. एकूण १६० मिनिटे दमाचा आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम झाला. रविवार विहाराचा आणि विश्रांतीचा. वजनांत सहा व्यायाम पुरेत : खुर्चीवरून ऊठबस किंवा लेग प्रेस, छातीसाठी चेस्ट प्रेस किंवा भिंतीवरचे जोर, पाठीसाठी रोइंग, खांद्यासाठी हलके शोल्डर प्रेस, पोटऱ्यांसाठी टाचा उचलणे, आणि पोट-कमरेसाठी प्लँक.

जिमची फी परवडत नाही किंवा जायची सोय नाही, अशा भगिनी : ताकदीला यंत्र लागत नाही, भार लागतो. पाच लिटरचा कॅन पाण्याने भरला की पाच किलोचे डंबेल तयार. दप्तरात तांदळाच्या पिशव्या भरल्या की पाठीच्या रोइंगचे वजन झाले. पायरीवर चढउतार, भिंतीवरचे जोर, खुर्चीवरची ऊठबस, यांनी पहिले तीन-चार महिने सहज जातात. "बाईने वजने उचलली की ती पुरुषासारखी दिसते" हा गैरसमज आहे. स्त्रीच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन पुरुषाच्या मानाने फारच कमी असते, त्यामुळे तसे दंड फुगत नाहीत. हाडे मात्र भक्कम होतात, आणि मासिक पाळी थांबल्यानंतर तीच ठिसूळ होत असल्याने स्त्रियांना या व्यायामाची गरज जास्तच आहे.

भरतीची तयारी करणारी मुले-मुली : महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीची मैदानी चाचणी ५० गुणांची असते. मुलांना १६०० मीटर धावणे २० गुणांना, १०० मीटर १५ गुणांना आणि गोळाफेक १५ गुणांना. मुलींना १६०० ऐवजी ८०० मीटर, बाकी तसेच. गोळा मुलांना ७.२६० किलोचा, मुलींना ४ किलोचा. नीट पाहा, १०० मीटर आणि गोळाफेक मिळून ३० गुण आहेत, आणि ते बहुतांशी जोराचे आहेत. नुसता दम वाढवणारा मुलगा हे ३० गुण वाऱ्यावर सोडतो, आणि नुसते अंग कमावणारा १६०० चे २० गुण.

म्हणून आठवडा असा लावावा. सोमवारी पाय आणि पाठीची ताकद : स्क्वॉट, डेडलिफ्ट, स्टेप-अप, टाचा उचलणे. मंगळवारी चार-पाच किलोमीटर संथ धावणे, बोलता येईल इतक्याच वेगाने. बुधवारी ग्राउंडवर १०० मीटरच्या सुरुवातीचा सराव आणि ४०० मीटरच्या चार-पाच फेऱ्या, प्रत्येक फेरीनंतर दोन-तीन मिनिटे दम घेऊन. गुरुवारी आधी गोळाफेकीचे तंत्र ताज्या अंगाने, मग छाती, खांदे, पाठ यांची वजने. शुक्रवारी विश्रांती किंवा हलके चालणे. शनिवारी १६०० मीटरचा वेळ लावून सराव, मुलींनी ८०० मीटर. रविवारी पूर्ण विश्रांती. परीक्षेच्या आधीचा आठवडा सगळे निम्म्यावर आणा, आणि शेवटचे तीन-चार दिवस पायांना जड वजन अजिबात नको.

आपल्या समाजाने विसरू नये ती गोष्ट : सिकलसेल

विदर्भात आणि लगतच्या भागांत आदिवासी समाजाप्रमाणे आपल्या समाजातही सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय आहे. हा आई-वडिलांकडून येणारा रक्तातला दोष आहे. दोघांकडून दोष आला तर "एसएस", म्हणजे प्रत्यक्ष आजार. एकाकडूनच आला तर "एएस", म्हणजे वाहक. वाहकाला एरवी काही त्रास नसतो. तो धावतो, खेळतो, नोकरी करतो. बहुतेकांना आपण वाहक आहोत हे ठाऊकही नसते.

पण कडक उन्हात, पाणी न पिता, एकदम जिवाच्या आकांताने धावले किंवा बैठकांवर बैठका मारल्या, तर वाहकाच्याही रक्तपेशी विळ्यासारख्या वाकू शकतात, स्नायूंना रक्त कमी पडते आणि स्नायूच्या पेशी फुटू लागतात. त्यातून निघालेले द्रव्य मूत्रपिंड बंद पाडू शकते. अमेरिकी सैन्यातील सुमारे ४८ हजार कृष्णवर्णीय सैनिकांच्या नोंदींचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात वाहकांमध्ये मृत्यूचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त आढळले नाही, पण अशा रीतीने स्नायू फुटण्याचा धोका ५४ टक्क्यांनी जास्त आढळला. या सैन्यात सर्वांनाच पाणी, विश्रांती आणि हळूहळू भार वाढवण्याचे नियम होते. यातून दोन धडे मिळतात. वाहक असणे म्हणजे अपात्र असणे नाही, कोणी तसे म्हणून हिणवत असेल तर ते चूक आहे. आणि नियम पाळले तर धोका आटोक्यात राहतो.

नियम असे. व्यायामाचा भार आठवड्या-आठवड्याने वाढवा, पहिल्याच दिवशी पूर्ण ताकद लावू नका. जोराच्या फेऱ्यांमध्ये पुरता दम घ्या. पाणी जवळ ठेवा आणि पीत राहा. एप्रिल-मेमध्ये नागपूर-चंद्रपूरच्या उन्हात दुपारी धावू नका. ताप, जुलाब किंवा रात्रभर जागरण झाले असेल त्या दिवशी जोराचा व्यायाम नको. धावताना पाय एकाएकी निर्जीव वाटले, मांड्या-कंबर दुखू लागली, श्वास पुरेना, तर "मनाने कच्चा आहेस" असे कोणी म्हटले तरी जागीच थांबा. सावलीत बसा, पाणी प्या. आराम पडला नाही किंवा लघवी चहासारखी गडद झाली तर थेट रुग्णालय गाठा आणि आपण वाहक असल्याचे सांगा. प्रशिक्षकालाही हे आधीच सांगून ठेवा. एसएस असलेल्यांनी व्यायाम जरूर करावा, पण सौम्य, आणि डॉक्टरांना विचारून.

हे सगळे करायला आधी आपला पॅटर्न माहीत हवा. चाचणी आयुष्यात एकदाच करायची असते. प्राथमिक सोल्युबिलिटी चाचणी, आणि ती पॉझिटिव्ह आली तर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी. १ जुलै २०२३ पासून देशात सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू आहे. सरकारी रुग्णालयात चौकशी करा. लग्न जुळवताना उपयोगी पडणारी ही माहिती व्यायामालाही तितकीच उपयोगी आहे.

ताटात काय असावे?

व्यायामाने स्नायूला वाढायचा हुकूम मिळतो, माल मात्र अन्नातून येतो. सर्वसाधारण माणसाला दर किलो वजनामागे रोज सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. ताकदीचा व्यायाम करणाऱ्याने १.२ ते १.६ ग्रॅम घ्यावीत. म्हणजे ६० किलोच्या माणसाला ७२ ते ९६ ग्रॅम. हे डब्यातल्या पावडरशिवाय जमते. तीन अंड्यांतून १८ ग्रॅम, दिवसभरात १०० ग्रॅम डाळीतून २२, ३० ग्रॅम सोयाबीन वडीतून १५, मूठभर शेंगदाण्यांतून ७, अर्धा लिटर दुधातून १६. बेरीज ७८, भाकरी-चपातीतले वेगळे. मटण, कोंबडी, मासळी, सुकट, बोंबील हे तर आपल्या घरचे उत्तम प्रथिनांचे पदार्थ आहेत. त्यांची लाज बाळगायची काही गरज नाही. फक्त रक्तदाब असणाऱ्यांनी खारवलेल्या सुक्या मासळीतले मीठ लक्षात घ्यावे, आणि मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी प्रथिने डॉक्टरांना विचारूनच वाढवावीत.

वजन उतरवायचे असेल तर व्यायामाबरोबर घासही मोजावे लागतात. कोसलाचा राजा प्रसेनजित इतका जेवत असे की जेवणानंतर धापा टाकत तो भगवंतांकडे आला. त्यांनी त्याला उपास सांगितला नाही, भान ठेवून मापात जेवायला सांगितले. राजाने एका तरुणाला ती शिकवण पाठ करायला लावली आणि रोज जेवताना म्हणायला बसवले. हळूहळू त्याचा आहार कमी झाला, शरीर हलके झाले. अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा उपाय आजही तितकाच चालतो. उपाशी राहून तासभर ट्रेडमिलवर पळणाऱ्याची चरबी उतरते त्याबरोबर स्नायूही उतरतात, आणि नंतर वजन परत येते ते मात्र चरबीच्या रूपाने.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. काही जिममध्ये "महिन्यात फरक दिसेल" म्हणून मुलांना स्टिरॉइडची इंजेक्शने दिली जातात. रक्तदाब वाढवणारी मेफेन्टरमाइनसारखी औषधेही, जी खरे तर शस्त्रक्रियेच्या वेळी डॉक्टरांनी वापरायची, ती "दम वाढतो" म्हणून टोचून घेतली जातात. स्टिरॉइडने वृषणे आक्रसतात, शुक्रजंतू घटतात, पुरुषांना स्तन येतात, हृदय आणि यकृत बिघडते. मेफेन्टरमाइनने व्यसन लागते आणि हृदयाचे ठोके चुकतात. एकच सुई दोघांनी वापरली तर कावीळ आणि एचआयव्हीचा धोका आहेच. पाचवे शील पाळतो म्हणणाऱ्याने दारूइतकेच याही सुईपासून दूर राहावे.

सुरू करण्यापूर्वी

छातीत दुखणे, थोड्या श्रमाने धाप लागणे, चक्कर, पूर्वीचा हृदयविकार, आटोक्यात नसलेला रक्तदाब, यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्यांची साखर व्यायामाने एकदम खाली येऊ शकते. उपाशीपोटी जाऊ नका, खिशात साखर किंवा गूळ ठेवा. घाम फुटला, हात थरथरले की थांबून ती खा. मधुमेह्यांनी रोज तळपाय तपासावेत आणि बूट घालूनच चालावे.

आणि एकट्याने करण्यापेक्षा संघाने करावे. बाबासाहेबांनी उभ्या केलेल्या समता सैनिक दलात कवायत आणि संचलन होते, ते शिस्त अंगी यावी म्हणूनच. आपल्या विहाराशेजारचे समाजमंदिर सकाळी तासभर रिकामेच असते. चार डंबेल, दोन चटया आणि एक जाणकार एवढ्यावर तिथे वर्ग सुरू होतो. एक तास फक्त भगिनींसाठी राखता येतो. बुद्धपौर्णिमेला साखर-रक्तदाबाची तपासणी आणि १४ एप्रिलला सिकलसेलची चाचणी ठेवता येते. डीजेवरच्या खर्चातला थोडा भाग पुरेल.

या आठवड्यात दोन दिवस वजनांचे आणि चार दिवस चालण्याचे ठरवा, वहीत लिहा, आणि तीन महिने सोडू नका. पहिल्या दिवशीची कंबर, रक्तदाब आणि साखर त्याच वहीत नोंदवून ठेवा. तीन महिन्यांनी पुन्हा मोजा. फरक पडला की नाही ते वहीच सांगेल.